एक टक्का आशिया

आमच्या घराण्याचा आशियाई देशांशी व्यापार फार जुना आहे. हे वाक्य मी दादरच्या एका हॉलमध्ये, निर्यातीवरच्या चर्चासत्रात, स्वतःची ओळख करून देताना टाकलं आणि शेजारच्या दोन खुर्च्या आदराने किंचित सरकल्या. वाक्य खोटं नव्हतं. माझे पणजोबा कोकणातून परळच्या गिरणीत आले ते चात्यांवर कामाला, आणि त्या काळात मुंबईच्या गिरण्यांचं बरंचसं सूत बोटीने चीनला जात असे. म्हणजे आमच्या पणजोबांनी चीनला सूत पाठवलं असं म्हणायला हरकत नाही. फक्त कातलं त्यांनी आणि पाठवलं शेठजींनी. नफ्याची वाटणीही त्याच हिशेबाने झाली.

पुढचा इतिहास मी हॉलमध्ये सांगितला नाही. चीनमध्ये गिरण्या निघाल्या, आपल्या सुताची गरज सरली. जपान्यांनी तर आपलाच कापूस नेला, त्याचं कापड विणलं आणि आपल्याच बाजारात आणून आपल्याहून स्वस्त विकलं. तो कापूस न्यायचं भाडं कमी व्हावं म्हणून १८९३ साली जमशेटजी टाटांनी एका जपानी कंपनीबरोबर मुंबई-कोबे अशी बोटींची सेवा सुरू केली होती. त्या मार्गावरच्या इंग्रज कंपनीने भाडं इतकं पाडलं, की टाटांना आपल्या बोटी गुंडाळाव्या लागल्या. आशियाच्या बाजारात जमशेटजी टाटांना जिथे माघार घ्यावी लागली, तिथे उतरायचं मी ठरवत होतो. पाठीशी भांडवल होतं बँकेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेचा बायकोने मोकळा सोडलेला भाग.

बँकेत होतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, याला परकीय चलनातलं कळत असणार. तो विभाग आमच्याकडे वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट बहुधा बंद असायची, त्यामुळे मी कधी वर गेलो नाही. माझी हयात पासबुकं छापण्यात गेली.

चर्चासत्रातल्या वक्त्याने पडद्यावर नकाशा लावला. आग्नेय आशियाचे देश हिरवे रंगवले होते. म्हणाला, या हिरव्या भागात अडुसष्ट कोटी माणसं राहतात, मध्यमवर्ग वाढतोय, हातात पैसा खेळतोय. यातल्या फक्त एक टक्का लोकांनी तुमची वस्तू घेतली तर? 'फक्त' हा शब्द उच्चारताना त्याने दोन बोटांत चिमूट धरून दाखवली. मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. एक टक्का म्हणजे अडुसष्ट लाख. प्रत्येकाने वर्षाला नुसतं शंभर ग्रॅम काहीही घेतलं, तरी सहाशे ऐंशी टन. हे 'काहीही' काय असावं ते अजून ठरायचं होतं, पण टन नक्की झाले होते.

संध्याकाळी सासुरवाडीला, गिरगावात, हे गणित मांडलं. सासरे पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले. बोटीवर माल चढताना आणि माणसं बुडताना त्यांनी पुष्कळ पाहिलेली.

"जावईबापू, गिरगाव आशियात येतं का हो?"

"येतं की."

"मग आधी इथला एक टक्का मिळवून दाखवा. बोटीचं भाडं तरी वाचेल."

मी हसण्यावारी नेलं. दूरदृष्टीच्या माणसाला जवळचं दिसत नाही, हे तेव्हा मला भूषणावह वाटत होतं.

वस्तू ठरायला वेळ लागला नाही, कारण मार्च लागला होता. मार्च-एप्रिलमध्ये लालबागेत राहणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचूच शकत नाही. मिरची गल्लीत अख्खी मुंबई लोटते. डोंबिवलीहून, विरारहून बायका याद्या घेऊन येतात आणि गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकल्याबरोबर शिंकतात. आमच्या मावशीचा मालवणी मसाला म्हणजे नात्यात दंतकथा. तिच्या मसाल्याने केलेली कोंबडीची सागोती आणि वडे खाऊन माझ्या सासऱ्यांसारख्या गोड्या मसाल्याच्या माणसाने एकदा, फक्त एकदा, पुन्हा वाढून घेतलं होतं. मग सिंगापूरचे लोक किती वेळा घेतील?

मावशीला प्रमाण विचारलं. पाकिटावर घटक उतरत्या क्रमाने छापायचे, हे मला एव्हाना समजलं होतं. ती म्हणाली, "माका काय विचारतंस? हातान घालतंय, डोळ्यान मोजतंय." मी तिच्या मागे वजनकाटा घेऊन फिरलो. तिने त्रिफळं घातली तेव्हा नेमका मला पाणी आणायला पाठवलं.

मग तिची यादी घेऊन दुकानात गेलो. बनियनवर बसलेले मालक आणि समोर पोत्यांची रांग: बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी. मी जरा भारदस्तपणे सांगितलं, की माल एक्स्पोर्ट क्वालिटीचा द्या, आशियात जायचाय. मालकांनी तराजूवरची नजर न काढता विचारलं, "आशियातून आलेला देऊ की इथला?"

मला कळेना. त्यांनी पोत्यांवरून हात फिरवत एकेक देश मोजायला सुरुवात केली. ही दालचिनी व्हिएतनामची. चक्रीफूलही तिकडचंच. लवंग श्रीलंकेची. जायपत्री इंडोनेशियाची, हवी तर केरळची आहे, पण पैसे जास्त. मसाला वेलची नेपाळची. खसखस तुर्कस्तानची. आपली म्हणाल तर मिरची, धणे आणि हळकुंड. त्यातली मिरचीही पोर्तुगीज घेऊन आले ती, पण ते सोडा, आता पाचशे वर्षं झाली.

"आणि तुम्ही हे पाठवणार कुठे?"

"सिंगापूर. मग व्हिएतनाम."

ते गल्ल्याकडे वळून म्हणाले, "पाहुण्यांना चहा सांग रे."

चहा येईपर्यंत त्यांनी आशियाच्या अर्थव्यवस्थेवर जे सांगितलं, ते दादरच्या हॉलमध्ये प्रवेशशुल्क भरूनही मिळालं नव्हतं. गुंटूरची तेजा मिरची चीन मोठ्या प्रमाणावर उचलतो. त्यांच्या खरेदीदाराने हात आखडला की इथला भाव बसतो, हात सोडला की चढतो. आमच्या गल्लीतल्या बाईला वाटतं दुकानदार लबाड झाला, पण भाव ठरलेला असतो तिकडच्या हॉटपॉटवर. व्हिएतनामची दालचिनी घेणाऱ्यांत भारताचा नंबर अगदी वरचा. तिकडे पाऊस लांबला की इकडे आमटीचा खर्च वाढतो. हे सगळं सांगताना त्यांनी तीन गिऱ्हाइकं केली, एका बाईला पाव किलो धणे कमी घ्यायला लावले आणि माझं बिल मात्र पुरतं लावलं.

मी त्यांच्याकडे सहाशे ऐंशी टनांचा विषय काढला नाही. मसाला कुटायच्या डंकावर काढला. डंकवाल्याने माझ्याकडे, मग माझ्या पिशव्यांकडे, मग माझ्या मागे वळणं घेत भाजीवाल्यापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं. म्हणाला, "दादा, टन असो की शेर, नंबर लावा." मग मी आकडा जरा आटोक्यात आणला. पहिल्या खेपेला चाळीस किलो. आशियाचा हा नेमका किती टक्का होतो ते मी काढलं नाही.

मिरच्या वाळवायचा प्रश्न होता. चाळीच्या काळात गच्चीवर कुणीही काहीही वाळत घालायचं. आता चाळीच्या जागी टॉवर आला आहे आणि गच्चीला 'अमेनिटी डेक' म्हणतात. तिथे योगासनं होतात. मी पहाटे चटया अंथरून बेडगी पसरली आणि कबुतरांवर लक्ष ठेवायला खुर्ची टाकून बसलो. नऊच्या सुमारास वारा सुटला. प्राणायाम करणाऱ्या सात-आठ ज्येष्ठ नागरिकांनी दीर्घ श्वास आत घेतला, तो बाहेर यायला बराच वेळ लागला. दुपारी सोसायटीची नोटीस आली. सेक्रेटरींनी ती स्वतः आणून दिली, नाकाला रुमाल लावून.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या दिवसांची आठवण झाली की अजून डोळ्यांत पाणी येतं आणि ते मिरचीचं नसतं. आयात-निर्यात कोड ऑनलाइन, पाचशे रुपयांत, चटकन मिळाला. तो मिळाल्याच्या आनंदात मी पेढे वाटले. इथे माझी फसगत झाली. मला वाटलं आपण निर्यातदार झालो. प्रत्यक्षात तो नुसता दरवाजाचा नंबर होता, दरवाजा पुढेच होता. मग खाद्यपदार्थांचा परवाना, मसाला मंडळाची नोंदणी, बँकेकडून बंदरासाठीचा एडी कोड, जीएसटीचं हमीपत्र. एडी कोडसाठी माझ्याच जुन्या बँकेत गेलो. वरच्या मजल्यावर पाठवलं. लिफ्ट बंद होती.

क्लिअरिंग एजंटने विचारलं, "तुमच्या मसाल्यात मिरची किती?" म्हटलं, भरपूर. तो म्हणाला, भरपूर असा कोड नसतो; मिरचीपूड ०९०४ मध्ये, मिश्र मसाला ०९१० मध्ये. मी मावशीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिचं उत्तर कुठल्याच कोडमध्ये बसणारं नव्हतं. एजंटने फोन बंद करायला सांगितलं.

एवढं सगळं करूनही माझा उत्साह टिकून होता, कारण सिंगापूरबद्दल एक गोष्ट मी वाचली होती: तिथे मसाल्यावर आयातशुल्क नाही. शून्य. शुल्क नाही म्हणजे अडवणारं कोणी नाही, असा सरळ अर्थ मी लावला. आपल्याकडचा जकात नाका बघत वाढलेल्या माणसाचा तसाच समज होणार. सिंगापूरच्या लिटल इंडियातल्या एका तमिळ किराणा दुकानदाराशी फोनवर बोलणंही झालं होतं. ते गृहस्थ सभ्य होते. नमुना पाठवा म्हणाले आणि अगदी सहज विचारलं, हलाल प्रमाणपत्र आहे ना? म्हटलं, मसाल्यात प्राणी कुठून येणार? ते म्हणाले, प्राणी नको आहे, कागद हवाय. मलेशिया-इंडोनेशियाचीही गिऱ्हाइकं आमच्याकडे येतात. कागद असला की डबा समोरच्या फळीवर, नसला की मागच्या. आग्नेय आशियातल्या अडुसष्ट कोटी माणसांची काही श्रद्धा असेल, जिभेची काही सवय असेल, घरात कुणीतरी नको म्हणणारं असेल, हे माझ्या वहीच्या मागच्या पानावर कुठेच नव्हतं.

मी आजवर मुहूर्त पाहून कधी काही केलं नाही. या एकाच बाबतीत पाहायला हवा होता. माझा मसाला कुटून, चाळून, बरण्यांत हिंगाचा खडा घालून तयार झाला तो एप्रिल २०२४ मध्ये. त्याच महिन्यात हाँगकाँगने दोन मोठ्या भारतीय कंपन्यांचे काही मसाले आणि सिंगापूरने त्यातल्या एका कंपनीचा एक मसाला बाजारातून मागे घ्यायला लावला. कारण इथिलीन ऑक्साइड, म्हणजे मसाल्यातले जंतू मारायला वापरतात तो वायू. जगभरच्या वर्तमानपत्रांत भारतीय मसाला पहिल्या पानावर आला. मे महिन्यापासून या दोन ठिकाणी जाणाऱ्या मसाल्यांना त्या वायूची तपासणी सक्तीची झाली.

मी एजंटला समजावलं, की आमच्या मसाल्याने वायू म्हणून फक्त लालबागचा वारा पाहिलाय. तो म्हणाला, "तेच लिहून आणा. प्रयोगशाळेचं." प्रयोगशाळेने बॅच नंबर मागितला. मावशीच्या मसाल्याला बॅच एकच, शिमग्यानंतरची. शिवाय वायू नाही म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता: मग जंतू कशाने मारलेत? वाफेने मारायचं यंत्र आहे का? मी उन्हाचं नाव घेतलं. समोरच्या मुलीने माझ्याकडे आईच्या मायेने पाहिलं आणि चाचण्यांचं दरपत्रक हातात ठेवलं. जंतू वेगळे, कीटकनाशकं वेगळी, बुरशीचं विष वेगळं, रंग वेगळा. बेरीज माझ्या चाळीस किलोंच्या किमतीला मागे टाकून पुढे निघून गेली. चाळीस टनांवर तेवढाच खर्च चिमूटभर वाटला असता. मोठ्यांना नियम परवडतात, हे मला त्या दरपत्रकाच्या तिसऱ्या ओळीवर कळलं. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, "मोठं व्हायला सांगितलंय."

सासऱ्यांना कळलं तेव्हा ते बोलले नाहीत. टाटांचं उदाहरण त्यांनीच मला दिलं होतं की मी त्यांना, यावर मात्र आमचा थोडा वाद झाला.

सिंगापूर बंद, तर व्हिएतनाम. दिवाळीनंतर दादरहून एक सहल निघत होती. हल्ली लोणावळ्याला जावं तसे लोक व्हिएतनामला जातात. मी बायकोला म्हटलं, फिरणं होईल आणि बाजाराची पाहणीही. बॅगेत थालीपीठाच्या भाजणीखाली नमुन्याची पाकिटं घातली. तिकडे रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळत होते. विमानतळावर पैसे बदलून बाहेर पडलो तो कोट्यधीश होऊन, आणि पहिल्या शहाळ्याला नोटेवरची शून्यं मोजताना परत जमिनीवर आलो.

हो ची मिन्ह शहराच्या चोलोन भागात बिन्ह ताय नावाचा घाऊक बाजार आहे. आत शिरल्याबरोबर मला शिंक आली आणि एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. एका पोक्त बाईंच्या गाळ्यावर मी पाकीट ठेवलं आणि मोबाइलला माझं भाषण सांगितलं: प्राचीन कोकणची परंपरा, सत्तावीस घटक, आजीची कृती. मोबाइल त्यांच्या भाषेत काय बोलला देव जाणे. त्यांनी पाकीट फोडलं, चिमूटभर तळहातावर घेतलं, हुंगलं. शिंकल्या नाहीत. उठल्या आणि मागच्या पोत्यातून एक चक्रीफूल आणून माझ्यासमोर ठेवलं. मग दालचिनीची एक साल. मग माझ्या पाकिटाकडे बोट, पोत्याकडे बोट आणि माझ्याकडे बोट. मोबाइलची गरजच पडली नाही. शेजारच्या गाळ्यावरची बाईही आली, तिनेही हुंगलं, दोघी खूप हसल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. आपली मुलगी सासरहून माहेरचाच डबा घेऊन आली तर आई हसेल तसं काहीसं ते होतं.

एवढ्यात बायको दालचिनीची साल वाकवून, चाटून बघत होती. "अहो, ही लालबागच्यापेक्षा चांगली आहे." घासाघीस सुरू झाली. कॅल्क्युलेटर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून भाजीवाल्याशी हुज्जत घातलेली ही बाई लाखाच्या खाली यायलाच तयार नसलेल्या दुसऱ्या बाईशी लाखांतच भांडत होती, आणि जिंकलीसुद्धा. सहलीतल्या इतर बायकांनी तो भाव बघून आपापल्या पिशव्या उघडल्या. मी विकायला गेलो होतो. आमच्या गटाने त्या दिवशी व्हिएतनामच्या निर्यातीला बराच हातभार लावला.

उरलेल्या मसाल्याचं काय झालं, हे सगळेच विचारतात. पावसाळ्यात त्याला जपावं लागलं, बरण्या उघडून हिंग बदलावा लागला. बराचसा नातेवाइकांत गेला. नातेवाईक दरही नातेवाइकासारखाच देतात. थोडा गिरगावातल्या एका खानावळीने घेतला, सासऱ्यांच्या ओळखीने. त्यांनी तो सौदा करताना माझ्याकडे न बघता एवढंच म्हटलं, "गिरगाव, आशिया."

राहिला प्रश्न निर्यातीचा. आमच्या मजल्यावरच्या काकू सिंगापूरला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. डिंकाचे लाडू, मेतकूट, आळीव, गुटी असा संसार बॅगेत भरून झाल्यावर तीन पाकिटांपुरती जागा उरली, ती मी विनंती करून मिळवली. पाकिटावर बारकोड होता, घटक उतरत्या क्रमाने होते, कोकणच्या किनाऱ्याचं रंगीत चित्र होतं. त्या छपाईवर मी मसाल्याहून जास्त खर्च केला होता.

दोन महिन्यांनी काकू परतल्या त्या नातवाचे फोटो आणि एक लांबलचक यादी घेऊन. लेकीच्या मैत्रिणींची नावं आणि पुढे किलो. मी यादी वाचली, पुन्हा वाचली. घसा दाटून आला.

"एवढं हुरळून जाऊ नकोस," काकू म्हणाल्या. "पाकीट बघून कुणी हातच लावेना. म्हणे, दुकानातलं दिसतंय. मग मी ते सगळं फाडलं, साध्या पिशवीत भरलं आणि वर रबर लावला. तेव्हा कुठे घरचा आहे यावर विश्वास बसला."

"फाडलंत?"

"मग काय करू? आता असं बघ, जानेवारीत धाकटीकडे क्वालालंपूरला जायचंय मला. तीस किलो सामान नेता येतं, त्यातलं दहा तुला देते. कमिशन घेईन हो, तुझी मावशी ओळखीची असली तरी. आणि येताना बॅग रिकामीच असते. तिकडून काही आणायचं असलं तर तुझ्या त्या मिरची गल्लीतल्या मालकांना विचारून ठेव."